डावं मागचं चाक

डिझेलच्या थाळीत गिरजाने हात फिरवला आणि बोटांना एक स्प्रिंग लागली. ती बाहेर काढून तिने पुन्हा हात घातला, तर तळाशी वाटीसारखी लहान चकती आणि लांब खिळ्यासारखी पिन. तिन्ही नग फडक्यावर ठेवून तिने नवऱ्याकडे पाहिलं. देवजी नळावर हात धूत होता.

"कमळाकरभाऊंची गाडी गेली?"

"मघाशीच गेली. मागचे लायनर नवे घालून दिले."

"मग हे कोनाचं?"

तो आला, वाकला, आणि पाहण्याऐवजी त्याने हात पुढे करून चाचपलं. स्प्रिंग. वाटी. पिन. बोटं पिनेवरच थांबली.

"जुनं असंल कायतरी."

"थाळी मी कालच रिकामी केलती."

मुरबाडहून सरळगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर देवजीची ही पत्र्याची शेड. अर्ध्या तालुक्यातल्या जुन्या गाड्या त्याच्या हाताखालून गेल्या होत्या. दोन वर्षांपूर्वी साखरेच्या आजाराने त्याची नजर अधू झाली. गेलेलं परत येणार नाही, आहे ते सांभाळा, असं कल्याणच्या डॉक्टरांनी सांगितलं. घरी येताना बसमध्ये देवजी बायकोला एवढंच म्हणाला होता, "कोनाला बोलू नको." तेव्हापासून गिरजा त्याच्या शेजारी पाट टाकून बसू लागली. बारीक नग तीच हातात द्यायची, शेवटी सगळं जागेवर आहे का ते तीच बघायची. लोकांना वाटायचं, बाई चहा द्यायला येते, धुण्यापुसण्याला हातभार लावते. आज सकाळी ती बहिणीला बघायला आटगावला गेली आणि दुपारी यायचा तो कमळाकर नेमका सकाळीच घाईत आला. बायको येईपर्यंत थांब, असं देवजीला काही त्याला सांगता आलं नाही.

त्या पिनेशिवाय काय होतं, ते आता गिरजालाही कळत होतं. ब्रेकचा लायनर पिनेने मागच्या पत्र्याला धरून सरळ उभा राहतो. पिन नसली तरी सुरुवातीला ब्रेक लागतो, शंका येत नाही. मग एखाद्या खड्ड्यात लायनर कलंडतो आणि चाकाच्या ड्रममध्ये अडकून चाक धरतो. कमळाकर किन्हवलीवरून शहापूरला, तिथून हायवेने नाशिकला निघाला होता. मुलीला, कुणालीला, बाळंतपणानंतर सासरी पोचवायला. हायवेवर पुढेमागे ट्रक.

तिने कमळाकरला फोन लावला. लागेना. पुन्हा लावला.

"परवा येल तो परत," देवजी म्हणाला. "तवा घालू. तवर काय होत नाय."

"तान्हं पोर हाय गाडीत."

"आनि सांगू काय त्याला? पिन टाकायची ऱ्हायली? उद्यापासून शेडमंदी कोन येल गो?"

गिरजाने तिन्ही नग फडक्यात बांधले. फडकं कमरेला खोचलं, जॅक आणि पान्यांची पिशवी उचलली आणि रस्त्यावर जाऊन तिने शहापूरच्या जीपला हात केला. जीप थांबली तेव्हा मागे शेडचं शटर खाली येताना वाजलं. देवजी येत होता.

जीप जयरामची. दोघांना त्याने पुढेच बसवलं.

"आज दोघं? कुटं?"

"गिऱ्हाइकाचा जॅक ऱ्हायला," देवजी म्हणाला.

गिरजाने पिशवी मांडीवर घेतली. पण सरळगावचा फाटा आला आणि जयराम निवांत माणसं भरायला लागला, तेव्हा तिला राहवेना.

"जयरामभाऊ, जॅक नाय. ब्रेकचा पार्ट ऱ्हायलाय. गाडीत बाळ-बाळंतीन हाय. जरा हाना."

मागच्या सीटवरची माणसं पुढे वाकली. जयरामने देवजीकडे एकदा पाहिलं, गिअर टाकला, आणि समोरून येणाऱ्या जीपवाल्याला फोन लावला. "पांढरी मारुती, जुनी. दिसली तर आडवा हो." पलीकडून उत्तर आलं, अजून दिसली नाही.

देवजी खिडकीबाहेर तोंड करून बसला होता. त्याला तिथलं काही दिसत नव्हतं, हे त्या जीपमध्ये एकट्या गिरजाला ठाऊक होतं. ती मात्र प्रत्येक वळणावर रस्त्याच्या कडेचा उतार बघत होती. एका वळणावर माणसं जमलेली दिसली आणि तिने पिशवीचा बंद घट्ट धरला. गवताचा टेम्पो कलला होता, लोक पेंढ्या उतरवत होते. जीप बाजूने निघून गेली.

किन्हवली मागे पडली आणि ओढ्यावरच्या एका मोरीपाशी पांढरी गाडी उभी दिसली. सरळ, चारही चाकांवर. कुणाली बाळाला घेऊन झाडाखाली बसली होती. कमळाकर मागच्या डाव्या चाकापाशी वाकला होता.

"देवजी! बरा आलास. मघापासून करकर आवाज येतोय. म्हटलं, हळूहळू हायवेपर्यंत जाऊ, तिथे कोणाला तरी दाखवू."

देवजीने चाक काढलं. ही कामं त्याचे हात न बघता करत. ड्रम तापला होता. फडक्याने धरून त्याने तो ओढला. आत लायनर तिरका झाला होता आणि त्याची कड घासून चकाकत होती. कमळाकरने ते पाहिलं आणि तो सरळ उभा राहिला.

देवजीने लायनर बसवला, पिन मागून घातली, वर स्प्रिंग, त्यावर वाटी. वाटी दाबून जरा फिरवली की पिनेचं डोकं खाचेत बसतं, एवढंच काम. त्याने दाबलं. बसलं नाही. पुन्हा दाबलं. तिसऱ्यांदा वाटी पक्कडीतून निसटून उडाली. तो दोन्ही तळवे मातीवर फिरवू लागला. वाटी त्याच्या गुडघ्याशी पडली होती, उन्हात चमकत होती. कमळाकरला ती दिसत होती. जयरामला दिसत होती. देवजीचे हात मात्र तिच्या दोन्ही बाजूंनी फिरत होते.

गिरजाने वाटी उचलली.

देवजीने हात थांबवले. बसल्या जागेवरून तो बाजूला सरकला.

"तू बस, गिरजा."

"ही बसवणार?" कमळाकर म्हणाला.

"मला दिसत नाय, कमळाकरभाऊ. दोन वरसं झाली. दोन वरसं तीच बघतेय. आज ती नव्हती आनि मी तुमाला थांबा म्हनलो नाय. चूक माझी हाय."

गिरजा बसली. एक हात मागे घालून तिने पिन धरली, दुसऱ्याने वाटी दाबली, फिरवली. बारीक टक झालं. हलवून पाहिलं, ओढून पाहिलं. मग कोणी न सांगता तिने देवजीकडून उजवं चाकही काढून घेतलं. तिथे सगळं जागेवर होतं.

कमळाकरने गाडी थोडी पुढे नेऊन ब्रेक दाबले, मागे घेतली, पुन्हा दाबले. आवाज नव्हता. तरी कुणाली जागची उठली नाही.

"बाबा, मी जीपने येते शहापूरपर्यंत," ती म्हणाली, आणि बाळाला छातीशी धरून जीपमध्ये जाऊन बसली.

गिरजाला वाईट वाटलं, पण राग आला नाही.

"मी बसतो तुमच्या गाडीत," देवजी कमळाकरला म्हणाला. "मागं. त्याच चाकावर."

तो मागच्या सीटवर डावीकडे बसला, गिरजा त्याच्या शेजारी. शहापूरपर्यंत तो मान कलती करून चाकाचा आवाज ऐकत होता. उतारावर कमळाकरने ब्रेक दाबला, की देवजीची बोटं मांडीवर आवळली जात. स्टँडपाशी कुणाली जीपमधून उतरली, क्षणभर थांबली आणि देवजी-गिरजा उतरल्यावर वडिलांच्या गाडीत बसली. कमळाकरने काच खाली केली. त्याने गिरजाकडे बघून मान हलवली आणि गाडी हायवेच्या दिशेने गेली.

दोघं एसटीच्या गर्दीत उभी राहिली. एक गाडी आत येऊन लागली, मग दुसरी. एरवी देवजी बायकांच्या बोलण्यावरून, कंडक्टरच्या हाळीवरून गाडी ओळखायचा आणि आपणच वाचल्यासारखा पुढे व्हायचा. आज तो जागचा हलला नाही.

"गिरजा, पाटी वाच गो," तो म्हणाला. हळू नाही, आजूबाजूच्या चार माणसांना ऐकू जाईल असं.

"मुरबाड," तिने वाचलं.

त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि पायरी शोधली.