नाकाला लावलेली वहाण

मी एक जुनी चामड्याची वहाण आहे. मित्रांनो, हसू नका. मालवणजवळच्या आमच्या गावात मला वैद्य समजतात! सत्यवानकाकांनी मला कुडाळच्या बाजारातून आणलं. थोडे दिवस शेणामातीतून सुखाने हिंडले. मग त्यांच्या पुतणीला, भक्तीला, फेफरं येऊ लागलं. पोर पडली रे पडली की काका मला तिच्या नाकाला लावायचे. झटका आपोआप थांबायचा आणि श्रेय मला! "आमच्या व्हाणेक गुण आसा," काका चारचौघांत सांगायचे. गुण कसला, डोंबलाचा! शेण तुडवलेलं कातडं मी.

डॉक्टरांनी गोळ्या बदलून पाहिल्या, झटके थांबेनात. भक्तीला विहिरीवर एकटीने जायची बंदी, चुलीजवळ बसायची बंदी. शेवटी मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं, झटका मेंदूत नेमका कुठून उठतो ते सापडलं, तर तेवढा भाग शस्त्रक्रियेने काढता येईल. त्यासाठी डोक्याला तारा लावायच्या, गोळ्या कमी करायच्या आणि कॅमेऱ्यासमोर झटक्याची वाट पाहायची. काका सोबतीला गेले. पिशवीत कोण? मीच!

झटका आला. नर्स धावली, पण काका तिच्याही आधी. मला भक्तीच्या तोंडावर असं दाबलं, की कॅमेऱ्यात माझा तळ तेवढा दिसला आणि तारा सुटल्या. धन्य ते डोकं! ऑपरेशनची जास्त गरज कोणाला होती, कोण जाणे.

शुद्धीवर आल्यावर भक्ती रडली. "काकानू, ही फीट फुकट गेली. आता माका परत एक सोसूची लागतली."

पुढच्या झटक्याला नर्सने त्यांना बाहेरच बसवलं. जागा सापडली, ऑपरेशन झालं. गोळ्या अजून चालू आहेत, पण झटका पुन्हा आलेला नाही. भक्ती विहिरीवर एकटी जाते. आणि काका? "अर्धो गुण व्हाणेचो!" लाज कशाशी खातात, ठाऊक नाही.

परवा शेजारची नर्मदा धापा टाकत आली. "भावजी, व्हाण देवा! माझ्या सारिकेक फीट इली!"

काका मला उचलणार, एवढ्यात भक्तीने मला पायात सरकवलं आणि धावली. सारिकेला कुशीवर वळवलं, तोंडात काही घालू दिलं नाही. झटका थांबेपर्यंत ती तिच्यापाशी बसून राहिली. मग म्हणाली, "काकी, उद्या डॉक्टराकडे जावया. मी येतंय तुमच्यावांगडा."

मित्रांनो, एकच विनंती. माणूस तडफडत असताना आम्हा वहाणांना शोधत बसू नका. नर्मदा अजून माझ्याकडेच आशेने बघत होती. अगो बाये, माझ्याकडे काय बघतेस? जी बरी होऊन तुझ्यासमोर उभी आहे, तिच्याकडे बघ!