पडदेवाल्यांच्या गाडीतला इक्वलायझर

मित्रांनो, पडद्यांच्या दुकानात, कापडाच्या गठ्ठ्यांवरच्या फळीवर एक काळी चपटी पेटी बसलेली असते. ती पेटी म्हणजे मी, एक म्हातारा इक्वलायझर. नाव घेताना जीभ अडखळते, पण काम सोपे आहे. गाण्यात जाड, घुमणारे आवाज असतात, मधले माणसाचे असतात आणि वरचे बारीक, किणकिणते असतात. माझ्या तोंडावर एका ओळीत सरकती बटणे आहेत. एखादे वर सरकवले की तेवढाच आवाज वाढतो, खाली ओढले की उतरतो.

कारखान्यात माझी जुळणी झाली, तेव्हा तपासणाऱ्या बाईंनी प्रत्येक बटण वरखाली करून पाहिले. "लोण्यासारखं चालतंय," असे म्हणून त्यांनी मला खोक्यात ठेवले. आयुष्यातले ते पहिले कौतुक घेऊन मी गाड्यांना स्पीकर बसवणाऱ्या एका दुकानात आलो.

तिथे माझ्या शेजारी साऊंड प्रोसेसर राहत असे. तो फार हुशार. गाडीत बारीकसा माइक ठेवला की तो स्वतःच आवाज मोजायचा आणि कुठल्या स्पीकरने किती बोलायचे ते ठरवून टाकायचा. येणारे प्रत्येक गिऱ्हाईक त्याचीच चौकशी करी. मला कुणी हिंग लावून विचारत नसे.

एके दिवशी दुकानासमोर एक व्हॅन थांबली. आतून एक जोडपे भांडतच उतरले. काकू पडदे शिवायच्या आणि काका घरोघरी जाऊन ते बसवायचे.

"दादा, गाडीच्या रेडिओला काहीतरी करा," काकू दुकानदाराला म्हणाल्या. "हे आवाज इतका मोठा करतात की माझं डोकं उठतं. आणि एवढं करून म्हणे शब्द कळत नाहीत!"

"स्पीकर खराब झालेत," काका म्हणाले.

"स्पीकर कालपरवा बदललेत. लक्ष नसतं यांचं. गिऱ्हाइकानं फोनवर सात फूट सांगितलं, यांनी आठ लिहून घेतलं. पडदे जमिनीवर लोळले! मी काही बोलले की सरळ कानाडोळा करतात."

काका खाली बघत राहिले. त्यांना ते सगळे ऐकू आले की नाही, मला कळले नाही.

दुकानदाराने आम्हा दोघांनाही गाडीतच जोडून दाखवायचे ठरवले. आधी प्रोसेसर बसला. त्याने खुसखुस, फुसफुस आवाज काढून मोजमाप केले आणि मग गाणे लागले. काकूंचा चेहरा खुलला.

"अगदी समोर बसून गातेय की! हाच द्या."

"छान आहे," काका म्हणाले. "पण बाई गातेय काय, ते कुठे कळतंय?"

"आता मात्र कमाल झाली," काकू कपाळाला हात लावून म्हणाल्या.

मग माझी पाळी आली. माझी बटणे पाहून काकू म्हणाल्या, "ही खटखट कोण करत बसणार?" पण काकांनी हात पुढे केला होता. त्यांनी एकेक बटण सरकवून पाहिले आणि शेवटची, बारीक आवाजाची, पार वर नेली.

"अहो, कानात सुया टोचतायत!" काकूंनी कान झाकले.

काका मात्र स्पीकरकडे झुकले. "अगं, 'सांज' म्हणतेय ती. मी मघापासून 'आंज' ऐकतोय. आणि यात घुंगरं पण आहेत?"

"पहिल्यापासून आहेत," काकू म्हणाल्या आणि बोलता बोलता थांबल्या. त्यांनी कानांवरचे हात खाली घेतले. "मग ते सात फूट... तुम्हाला खरंच आठ ऐकू आलं होतं?"

"नीट काहीच ऐकू आलं नव्हतं. अंदाजानं लिहिलं."

"पुन्हा विचारायचं ना!"

"किती वेळा विचारायचं? दुसऱ्यांदा विचारलं की लोक हसतात. तिसऱ्यांदा विचारलं की तू वैतागतेस."

गाणे संपून दुसरे लागले. काकूंनी हळूच बोट पुढे केले, एक बटण किंचित खाली आणले, काकांकडे पाहिले, मग दुसरे. "आता येतंय ऐकू?" काकांनी मान हलवली. "माझंही डोकं दुखत नाहीये," त्या म्हणाल्या.

दुकानदार सरळ माणूस होता. "काकू, हे प्रोसेसरमध्येही जमतं. फक्त दर वेळी मोबाइलवरच्या ॲपमध्ये शिरून बदलावं लागेल."

"तो चांगलाच आहे हो. पण तो गाडीतला आवाज दुरुस्त करणार, आणि गाडीचं काही बिघडलेलंच नाही," काकू म्हणाल्या. "हाच द्या. बोटाला सापडतो."

"देतो. पण काकांचे कान डॉक्टरांना दाखवा. यानं कान बरा व्हायचा नाही."

ते ऐकून मला जरा लागले, मित्रांनो. पण ते खरे होते.

मी गाडीत रुजू झालो. गिऱ्हाइकांचे फोनही गाडीच्या स्पीकरवर, माझ्यातूनच येत. पडद्यांची मापे बरोबर येऊ लागली. काकू आता बोलताना काकांकडे तोंड करून, सावकाश बोलत. डॉक्टरांचे नाव काढले की मात्र काका म्हणत, "मी काय म्हातारा झालोय?" शेवटी काकूंनीच, "माझेही कान तपासायचेत," अशी थाप मारून त्यांना नेले. तिथे कळले, तरुणपणी पत्रे ठोकण्याच्या कारखान्यात काढलेल्या वर्षांनी काकांचे बारीक आवाज नेले होते.

कानातले यंत्र लावून काका गाडीत बसले, रेडिओ लावला आणि दचकले. "केवढा किंचाळतोय हा!" त्यांनी माझी सगळी बटणे एका रेषेत मधोमध आणून ठेवली. पुढे गाडी विकली जाईपर्यंत ती तिथून हलली नाहीत.

माझे काम संपले होते. वाईट वाटले, खोटे कशाला बोलू? पण त्या दिवशी घरी पोहोचेपर्यंत दोघे शेजारच्यांच्या मांजरावर बोलत होते, आणि रेडिओ कुणी ऐकलाच नाही.

पुढे गाडी विकली, तेव्हा काकांनी मला सोडवून इथे, त्यांच्या पडद्यांच्या दुकानात आणले आणि इथल्या रेडिओला जोडले. माझ्या फटींत धूळ साचली की मी खरखरतो. मग काकू शिलाई मशीनच्या कुंचल्याने मला साफ करतात.

मित्रांनो, वस्तू बिघडली की ती कुरकुरते, खरखरते, सगळ्या घराला कळवते. माणूस बिघाड झाकतो आणि गप्प बसतो. म्हणून घरातले कुणी तुमचे ऐकत नाही असे वाटले, तर चिडू नका. जवळ जा, समोर बसा आणि आधी विचारा, "तुम्हाला ऐकू येतंय ना?"