यादीतली नववी

मंगळवार उजाडला की ग्लेनिस प्रॉसरचे गुडघे आधी जागे व्हायचे आणि मग ती. मे ते ऑगस्ट दर मंगळवारी संध्याकाळी बायकांच्या बेसबॉलचा सामना असायचा, आणि मैदान आखायचं काम तिचं. वेल्समधल्या कार्डिफमध्ये एकेका आडनावाची माणसं पोत्याने सापडतात, म्हणून ज्याच्या त्याच्या नावाला त्याचा उद्योग चिकटवायची रीत आहे. तिथल्या स्प्लॉट भागात तिला सगळे ‘खुंट्यांची ग्लेनिस’ म्हणायचे. मैदानात ठोकायच्या चार खुंट्या, हातोडी आणि चुन्याची पिशवी बत्तीस वर्षं तिच्याच परसातल्या शेडमधून निघत होती.

या खेळाचं कौतुक आता उरलंय कुणाला? शहरात मोठं स्टेडियम आहे, उघडमीट करणारं छप्पर आहे, रग्बीच्या दिवशी पाय ठेवायला जागा नसते. आणि इकडे बागेच्या कोपऱ्यात, फुटबॉलच्या खांबांमागे, काही बायका हात खालून फिरवून चेंडू टाकतात, चपट्या फळीने मारतात आणि खुंट्यांना वळसा घालून पळतात. जितक्या खुंट्या गाठल्या तितक्या धावा. बघायला एखादा नवरा येतो, तोही गाडीतच बसून राहतो.

सहासष्टाव्या वर्षी ग्लेनिसला एकच गोष्ट हवी होती. हे सगळं एकदाचं संपावं, पण आपल्या हातून नको. मूर्स स्टार क्लबच्या पहिल्या संघात तिची आई खेळली होती, पुढे ती स्वतः खेळली, तिची मुलगी मारी खेळली. असा क्लब आपण बंद केला असं कुणी म्हणायला नको. आपोआप पडला तर मात्र तिची काही तक्रार नव्हती.

आणि तो पडायच्या बेतातच होता. मैदानात उतरायला किमान नऊ जणी लागतात. या मोसमात दोनदा नऊ भरल्या नाहीत आणि सामना न खेळताच सोडावा लागला. आज तिसऱ्यांदा तसं झालं तर लीगच्या नियमाप्रमाणे क्लबचं नाव कायमचं कटणार होतं.

सकाळपासून फोनवर नऊ जणी जमवताना तिच्या अक्षरशः नाकी नऊ आले. एकीच्या पोराला ताप. दुसरीची दुकानातली पाळी बदललेली. तिसरी, टेगन नावाची, म्हणाली, “मावशी, आज त्याचा वाढदिवस आहे गं.”

“कुणाचा?”

“तू नाही ओळखत. नवीन आहे.”

“मग आधीचा बरा होता. त्याचा वाढदिवस जानेवारीत यायचा.”

टेगन खूप हसली, पण आली नाही.

सहा वाजता ग्लेनिसने पहिली खुंटी ठोकली. खाडीवरून वारा सुटला होता आणि चुना रेघेवर पडायच्या ऐवजी तिच्याच बुटांवर पडत होता. प्रत्येक खुंटीपाशी वाकायचं म्हणजे आधी एक गुडघा, मग दुसरा, मग उठताना दोन्हींची मनधरणी. शाळेच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं पातेली उचलली, तेव्हा हे गुडघे कधी बोलले नव्हते. आता तोंड बंदच होत नव्हतं त्यांचं. चौथी खुंटी ठोकून ती उठली तेव्हा समोरच्या संघाच्या, ग्रेंजटाउनच्या बायका आल्या होत्या. मोजून चौदा. त्यांच्या पुढे त्यांची सेक्रेटरी बेरिल टॅनर, हातात डबा घेऊन.

“रेघ वाकडी आहे,” बेरिल म्हणाली. ती अडुसष्टची, पण जीभ अजून विशीतली.

“वारा आहे.”

“वारा गेल्या वर्षीही होता. तेव्हाही वाकडीच होती. घे, तव्यावरचे केक आहेत, मनुका जरा जास्त पडल्यात.”

साडेसहा वाजले. मूर्स स्टारच्या बायका बाकाशी उभ्या होत्या. आठ. ग्लेनिसने पुन्हा मोजलं. आठच. अंपायर हेडन प्यू, बस चालवून निवृत्त झालेला माणूस, घड्याळ बघत म्हणाला, “पंधरा मिनिटं देतो, ग्लेनिस. नियम आहे, मी काय करू?”

कॅप्टन कॅरिस रात्रपाळी करून, दोन तास झोपून आली होती. तिने बागेच्या फाटकाकडे पाहिलं आणि मग ग्लेनिसकडे वळली. “मावशी, तू उभी राहा. चेंडू आम्ही धरतो. तू नुसती उभी राहा.”

“मला नाही येणार.”

“अगं, नऊ भरायला फक्त. तुझं नाव असतंच की यादीत. दरवर्षी असतं.”

ग्लेनिसने केकचा डबा बाकावर ठेवला. “या वर्षी नाही. एप्रिलमध्ये मी काढलं.”

“काढलं म्हणजे?”

“म्हणजे लिहिलं नाही, आणि मोसमाच्या मधे नवं नाव घालता येत नाही. अकरा वर्षं खेळले नाही, उगाच कशाला मिरवायचं?”

कॅरिस नुसती बघत राहिली, आणि ते बघणं ग्लेनिसला झोंबलं. पण खरं सांगायचं तर तिला हायसंही वाटलं. पंधरा मिनिटं, मग खुंट्या उपटायच्या, शेडमध्ये टाकायच्या आणि पुढच्या मंगळवारी पाय गरम पाण्यात घालून बसायचं. दोष कुणाचाच नाही. तेवढ्यात तिला तसं वाटल्याची लाजही वाटली, आणि ती पुन्हा फाटकाकडे बघू लागली. तिथून एक म्हातारा कुत्र्याला घेऊन आत येत होता.

“यादी दाखव,” बेरिलने हेडनकडे हात पुढे केला. विरुद्ध संघाच्या सेक्रेटरीला यादी तपासायचा हक्क असतो, आणि बेरिलने हा हक्क आयुष्यात कधी सोडला नव्हता. गळ्यातला चष्मा डोळ्यांवर चढवून तिने बोट खाली खाली नेलं. बोट थांबलं.

“ही एम. प्रॉसर कोण?”

ग्लेनिसला क्षणभर कळेना. मग कळलं. मारी. नऊ वर्षं झाली मारीला कॅनडात जाऊन. तिथे कॅल्गरीच्या दवाखान्यात ती नर्स होती आणि दर आठवड्याला फोनवर सांगायची, आई, सोड आता ते. दर एप्रिलला ग्लेनिस जुनी यादी समोर ठेवून नवी लिहायची. या वर्षी स्वतःचं नाव तिने गाळलं, आणि पेन पुढे गेलं ते थेट मारीच्या नावावर. सवयीने लिहिलं की जाणूनबुजून, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. ते नाव गाळायचं कधी तिच्या मनातच आलं नव्हतं एवढं खरं.

“बेरिल, ते चुकून...”

“तुला कोण विचारतंय?” बेरिलने चष्म्यावरून तिला आपादमस्तक न्याहाळलं. “मारीच ना गं तू? थकलेली दिसतेस जरा. तिकडचं हवापाणी मानवलं नाही वाटतं.”

ग्रेंजटाउनच्या दोघी-तिघी खुदकन हसल्या. हेडनने यादी परत घेतली. मारी सोळा वर्षांची असताना तिच्या पहिल्याच सामन्यात त्याने तिला पहिल्या चेंडूवर बाद दिलं होतं, आणि ती त्याच्याशी पुढची दोन वर्षं बोलली नव्हती. मारी कोण हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

“ग्रेंजटाउनची हरकत?”

“मुळीच नाही.”

त्याने घसा साफ केला आणि शाळेत हजेरी घ्यावी तसं एकेक नाव वाचलं. आठ जणींनी ओ दिली. मग तो थांबला. “मारी प्रॉसर?”

काही करायचं नव्हतं. नुसतं गप्प राहायचं होतं. पाच-सहा सेकंद तोंड मिटून ठेवलं की सुटका, आणि खोटं न बोलल्याचं पुण्यही पदरात. बत्तीस वर्षांचा शीण एकदम तिच्या पायांत उतरला. बसून घ्यावं, इथेच गवतावर बसून घ्यावं असं वाटलं.

“मारी प्रॉसर?”

“आहे,” ग्लेनिस म्हणाली.

सामना जसा व्हायचा तसाच झाला. ग्रेंजटाउनने धावांचा ढीग रचला. ग्लेनिस लांब कुंपणाशी उभी होती, आणि तिच्याकडे आलेला एकुलता एक चेंडू कुत्र्याने पकडला. मूर्स स्टारच्या बायका आल्या तशा गेल्या. दुसऱ्या डावात सात बाद झाल्यावर ग्लेनिसने फळी हातात घेतली. समोरची पोरगी विशीची, दंडात बळ.

“हळू टाक गं, तिला विमानाचा शीण आहे,” बेरिल बाकावरून ओरडली.

पोरीने हळू टाकला नाही. बरं झालं. जोरात येणाऱ्या चेंडूला नुसती फळी दाखवायची असते. या खेळात चेंडू मागे गेला तरी चालतो, आणि ग्लेनिसला एवढंच काय ते अजून येत होतं. तिने फळी तिरकी धरली, चेंडू मागे सटकला, आणि ती चालत निघाली. पळायचा प्रश्नच नव्हता. संध्याकाळी स्वतःच ठोकलेल्या पहिल्या खुंटीपाशी ती पोचली तेव्हा चेंडू अजून झुडपात होता. तिने दोन्ही हातांनी खुंटी धरली आणि धापा टाकत उभी राहिली. पुढच्याच चेंडूवर तिच्यामागून फळी घेऊन आलेली शेवटची खेळाडू बाद झाली आणि सामना आटोपला. एकोणसाठ धावांनी हार.

बेरिल रिकामा डबा घ्यायला आली.

“का केलंस गं असं?” ग्लेनिसने विचारलं. “आज सुटले असते मी.”

“तू सुटली असतीस. आणि आम्ही हरवायचं कुणाला? मोजून चार संघ उरलेत.” बेरिलने डब्याचं झाकण दाबलं. “पुढच्या एप्रिलला दोघींची नावं लिही. मला दरवेळी चष्मा चढवायला लावू नकोस.”

बायका गेल्या. उन्हाळ्यातली लांब संध्याकाळ, उन्हं अजून होती. ग्लेनिस खुंट्या उपटायला लागली. तीन निघाल्या, पहिली निघेना. आपणच इतकी खोल का ठोकली म्हणून ती चिडली, आणि चिडता चिडता तिचे डोळे भरून आले. तेवढ्यात खिशात फोन वाजला. कॅल्गरीत दुपारच्या जेवणाची सुट्टी झाली होती.

“संपलं का गं, आई?” मारीने विचारलं. दुपारी ग्लेनिसनेच तिला सगळं सांगितलं होतं.

“नाही संपलं.”

“म्हणजे नऊ जमल्या?”

“जमल्या. नववी तू होतीस.”

यादीचं, बेरिलचं, हजेरीचं सगळं तिने सांगितलं, मधेमधे थांबत. फोन कटला असं वाटून ग्लेनिसने तो कानापासून दूर करून पाहिला.

“आई,” मारीचा आवाज आला, जरा घोगरा. “मी किती काढल्या?”

“एक.”

“एकच?”

“एकच,” ग्लेनिस खुंटीला टेकून म्हणाली. “पण बाद नाही झालीस.”