पुसण्याची कमांड

ऑफिसात तिला सगळे माहितीबाई म्हणायचे. बांधकामाची टेंडरं भरायच्या सॉफ्टवेअरचं ते ऑफिस. बाकीच्यांनी एकेक कमांड बनवायची आणि ती कशी वापरायची ते हिने लिहायचं. लिहायचीही झकास. फक्त थोडक्यात लिहिण्याचा भारी तोरा. एक शब्द जास्त झाला तरी बाईंच्या कपाळाला आठी.

तर त्या आठवड्यात तिच्या वाट्याला पुसण्याची कमांड आली. ही कमांड एपीआयची, आणि एपीआय म्हणजे तरी काय, आपल्या कॉम्प्युटरवरून एक ओळ पाठवायची, की पलीकडे सॉफ्टवेअर ते काम करून मोकळं! या ओळीत टेंडरचा नंबर द्यायचा, आणि हवा तर त्यातला भाग: तळमजला, गच्ची, जे असेल ते. भाग दिला तर तेवढाच जायचा. नाही दिला तर अख्खं टेंडर साफ, आणि गेलेलं कुणाच्या बापाला परत आणता यायचं नाही. माहितीबाईने सगळ्यात वर सगळ्यात छोटं उदाहरण दिलं, नुसत्या नंबरचं. भागाचं उदाहरण त्याच्या खाली, आणि इशारा त्याच्याही खाली, ठळक अक्षरात. सुटली एकदाची.

नवी कमांड आधी चालवून बघायला काही गिऱ्हाइकं तयार झाली होती. त्यांत तिची सख्खी मोठी बहीण होती. ताई फरशी बसवायची कंत्राटं घ्यायची. आजवर घरं झाली, दुकानं झाली. आता पहिल्यांदाच एका नव्या हॉस्पिटलचं टेंडर ती भरत होती. ते मिळालं तर तिच्या कारागिरांवर कामाविना घरी बसायची वेळ येणार नव्हती, आणि गेला हंगाम ती माणसं नुसती बसून होती.

टेंडर बंद व्हायच्या दिवशीच, सकाळी, ताईचा फोन आला.

"अगं, सगळं गेलं."

"काय गेलं?"

"हॉस्पिटलचं टेंडर! जिना नको म्हणाले, म्हणून तेवढा जिना पुसायला गेले, तर पडद्यावर काही म्हणजे काही नाही!"

माहितीबाईने हातातलं काम टाकलं. ती तशीच उठून ताईच्या ऑफिसात गेली. ऑफिस कसलं, टाइल्सच्या नमुन्यांनी भरलेली एक खोली. घाबरलेलं माणूस आधी चिडतं, तशी ही दारातूनच सुरू झाली.

"तुला वाचता येत नाही? एवढं ठळक लिहिलंय मी!"

"आवाज चढवू नकोस. कुठे लिहिलंयस?"

"हे काय, खाली!"

"आणि वर काय आहे?"

वर उदाहरण होतं. ताईने ते उचललं होतं, आपला नंबर घातला होता आणि पाठवून दिलं होतं.

"मला वाटलं, पुढे विचारेल कुठला भाग म्हणून," ताई म्हणाली. "अगं, बँकेचं मशीनसुद्धा विचारतं!" आणि इतका वेळ धरून ठेवलेलं रडू तिला फुटलं.

माहितीबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. व्यापाऱ्यांचे भाव फोनवर आले तसे ताईने थेट टेंडरमध्ये भरलेले, दुसरीकडे कुठे काही नाही. तिने कमांड बनवणाऱ्या दाढीवाल्याला फोन लावला.

"परत येणार नाही," तो म्हणाला. "मीच तसं केलंय." मग म्हणाला, "पत्ता सांगा. टाइप तरी करू लागतो."

आला बिचारा लॅपटॉप घेऊन. ताई फोनवर, माहितीबाई नकाशावरून मापं सांगतेय, दाढीवाला भरतोय.

"बाई, हाच भाव परवा दिला होता की!" फरशी विकणारा फोनवरून खेकसला.

"दिला होतात हो दादा. माझ्या हातून गेला. परत द्या ना."

कुणी खेकसलं, कुणी खो खो हसलं, पण भाव सगळ्यांनी दिला. एक जण तर म्हणाला, "बाई, तुमची माणसं काम चांगलं करतात, तुम्हालाच मिळो." ताईने फोन ठेवून डोळे पुसले आणि पुढचा नंबर फिरवला.

दाढीवाला मधूनमधून ताईकडे बघत होता. बोलता बोलता आपल्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर काही आलं की ही बाई न वाचता पुढे! शेवटी त्याला राहवेना.

"ताई, तुम्ही वाचत का नाही?"

"कानाला फोन, दारात टेम्पो हॉर्न वाजवतोय. वाचू कधी, सांग ना!"

त्याने मान खाली घालून पुढचा भाव भरला. अगदी मुदत संपता संपता टेंडर पाठवलं गेलं. तिघांचाही जीव भांड्यात पडला.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी मीटिंग घेतली. "इशारा लाल रंगात करा. मग कुणी वाचलं नाही तर त्यांचं ते बघतील."

"साहेब, ती माझी सख्खी बहीण आहे," माहितीबाई म्हणाली. "मी लिहिलेलं तिनेसुद्धा वाचलं नाही. परकं माणूस वाचणार आहे? उदाहरण मी चुकीचं ठेवलं, ते बदलते. पण भाग दिला नसेल तर कमांडने थांबायला हवं."

साहेबांनी दाढीवाल्याकडे बघितलं. त्याने हात वर करावेत, अशी त्यांची फार इच्छा असावी.

"मी काल तिथे बसलो होतो," तो म्हणाला. "करून देतो."

साहेब कुरकुरले, कमांड बाजारात आणायची तारीख पुढे गेली म्हणून डोक्याला हात लावला, पण हो म्हणाले. आता भाग नसेल तर कमांड काहीच पुसत नव्हती. काय काय जाईल ते दाखवून विचारायची, कुठला भाग? माहितीबाईने सगळं नव्याने लिहिलं. या वेळी लांबलं तर लांबू दिलं.

मग एका दुपारी ताईचा फोन.

"खालच्या दोन मजल्यांचं काम मिळालं गं! वरचं दुसऱ्याला दिलंय. मेले दोनच मजले, पण माझी माणसं लागली कामाला!"

माहितीबाईला हसावं की रडावं कळेना.

"म्हणून वरचे मजले आज पुसून टाकले," ताई पुढे म्हणाली. "तुझ्याच त्या कमांडने."

"नवं लिहिलेलं वाचलंस?"

"छे गं! कॉम्प्युटरनेच विचारलं कुठला भाग, मी सांगितलं. रागावलीस?"

"नाही गं ताई," ती म्हणाली, आणि खरंच रागावली नव्हती.