अध्यक्षांच्या लेकीचा रोबो

रोबोटिक्स शिकवायचं काम शिवणाच्या बाईंच्या गळ्यात पडलं, कारण शाळेत लांब टेबलं फक्त त्यांच्याच वर्गात होती. मुख्याध्यापकांनी याहून खोल विचार केला नव्हता. बाई कुरकुरल्या नाहीत. वीस वर्षं शिलाई मशीनं उघडून पुन्हा जोडणाऱ्या बाईला दातेरी चाकांची कसली भीती? सुट्टीत पुस्तकं चाळून त्यांनी मोटारी, सेन्सर, प्रोग्रॅम सगळं डोक्यात घातलं आणि शिवणाच्या वर्गातल्या नववीच्या चार मुलींना हाताशी धरून वर्षभरात एक रोबो उभा केला. दिसायला गबाळा होता, पण काळ्या पट्टीवरून न चुकता चालायचा आणि डबा उचलायचा. अडला तर का अडला, हे चौघींपैकी कुणीही सांगायची.

स्पर्धा पंधरा दिवसांवर आली आणि संस्थेच्या अध्यक्षांना एकाएकी विज्ञानाचा पुळका आला. त्यांची लेक नववीतच होती. तिने वर्षभरात या वर्गाचा उंबरा ओलांडला नव्हता. अध्यक्षांनी आपल्या कारखान्यातल्या इंजिनिअरकडून निळ्या दिव्यांचा एक चकचकीत रोबो करून घेतला आणि शाळेत पाठवून दिला. सोबत निरोप होता, की शाळेतर्फे हाच जाईल आणि लेक कर्णधार असेल.

मुख्याध्यापक त्या यंत्रापुढे हात बांधून उभे होते, जणू तेच त्यांची वेतनवाढ ठरवणार होतं. रोबो मुलांनीच बनवलेला हवा असा नियम आहे, हे बाईंनी त्यांना दाखवलं.

"नियम कागदावर असतात, बाई," ते म्हणाले. "बदलीही कागदावरच होते."

कणा नसलेला माणूसही खुर्चीत ताठ बसू शकतो, हे बाईंना त्या दिवशी कळलं. स्पर्धेच्या आदल्या दिवशी चार मुलींना नव्या रोबोचा खोका गाडीत चढवायला सांगण्यात आलं. गाडीत मात्र त्यांना जागा नव्हती.

स्पर्धेच्या हॉलमध्ये शिक्षक आणि पालक दोरीच्या अलीकडे बसले होते. पिकल्या केसांच्या एक परीक्षक टेबलापाशी आल्या. त्यांनी रोबोचं एक चाक काढून अध्यक्षांच्या लेकीपुढे ठेवलं आणि ते परत बसवायला सांगितलं. पोरीने चाक उलटं लावलं, सुलटं लावलं, दोन्ही वेळा ते टेबलावर पडलं. चाक धरून ठेवणारा बारीक स्क्रू तिच्या कोपराशीच होता. बाईंना तो दोरीपलीकडून दिसत होता.

पहिल्या रांगेत अध्यक्षांनी शेजारी बसलेल्या इंजिनिअरला ढोसलं. त्याने खाली मान घालून स्क्रू, स्क्रू असं पुटपुटायला सुरुवात केली.

परीक्षक वळल्या. "यांनाच आत बोलवा," त्या शांतपणे म्हणाल्या. "बनवलाय यांनीच."

संघ बाद झाला. बाहेर अध्यक्षांनी चारचौघांत बाईंना जाब विचारला, वर्षभर शिकवलं तरी काय?

"ज्यांना शिकवलं त्या शाळेत आहेत," बाई म्हणाल्या. "काल तुम्ही त्यांच्याकडून खोका उचलून घेतलात."

अध्यक्षांनी थेट हुकूम काढला. पुढच्या आठवड्यात रोबोटिक्स बाईंकडून काढून त्याच इंजिनिअरकडे दिलं गेलं. तो शनिवारी यायचा, पडद्यावर चित्रं दाखवायचा आणि घड्याळ बघायचा. मुख्याध्यापक त्याला तज्ज्ञ म्हणायचे. चार मुली मधल्या सुट्टीत आपला गबाळा रोबो घेऊन शिवणाच्या वर्गात जमू लागल्या. शिवणाच्या वर्गात शिवणाच्या मुली बसल्या तर हरकत कोण घेणार?

एके दिवशी अध्यक्षांची लेक दारात येऊन उभी राहिली. बाईंनी मुद्दामच जरा वेळ वर पाहिलं नाही.

"मला चाक बसवायला शिकवाल?" तिने विचारलं. "बाबांना माहीत नाही मी आलेय ते."

"आधी काढायला शीक," असं म्हणून बाईंनी पेचकस पुढे केला.

पोरीने तो चमच्यासारखा धरला. चौघींपैकी थोरली फिसकन हसली. बाईंनी तिला दटावलं नाही. एवढं हसू या पोरीच्या वाट्याला यायलाच हवं होतं. मग थोरलीच उठली, तिने त्या पोरीची बोटं सोडवून पेचकस नीट हातात दिला आणि म्हणाली, "दाब देऊन फिरव, नाहीतर खाच झिजते."

पहिला स्क्रू निघायला अख्खी सुट्टी गेली.