पट्टीखालचा नेम

दिवेलागणीला पूल-हॉलमध्ये गर्दी एवढी झाली, की भिंतीवरच्या पालीनंही दुसरीकडे बिऱ्हाड हलवलं. एरवी चेंडूंच्या टकटकीनं भरलेली खोली चिडीचूप. मधल्या टेबलावर, डोळ्यांना काळी पट्टी बांधून, गेलेल्यांना अंगात आणणारा आत्मेवाला वाकला होता, आठवडाभर रोज यायचा तसाच. हातात काठी होती हॉलच्या मालकांच्या मुलाची. सामने जिंकून नाव काढलेला तो पोरगा हिवाळ्यात अपघातात गेला होता.

"मी खेळत नाही हो," आत्मेवाला म्हणाला. "मी नुसती नळी. वरून तो ओततो, खालून येतं."

"प्लंबर बोलवा," मागून कुणीतरी पुटपुटलं. कुणी हसलं नाही.

काठी बोटांच्या खाचेतून मागेपुढे सरकली. एक, दोन, तीन. जरा थांबली. फटका. चेंडू थेट कोपऱ्यातल्या खिशात.

मालकांनी, म्हणजे अप्पांनी, तोंडाला रुमाल लावला. आधी चेंडूला न लागणारे सरावाचे तीन झटके, मग एक श्वास, मगच फटका, ही शिस्त त्यांनीच पोराला लावली होती. "तोच आहे माझा," ते म्हणाले. उद्या हॉलला कुलूप घालून ते काठीसकट आत्मेवाल्याच्या मागे निघणार होते. कायमचे.

त्यांची मुलगी दिव्याच्या बटणापाशी उभी होती. अप्पांनी तिलाही शिकवलं होतं. ते झटके कशासाठी, हे तिला पुरतं ठाऊक होतं. दर झटक्याला नजर पांढऱ्या चेंडूवरून समोरच्या चेंडूवर जाते, परत येते, काठी रेषेवर बसते. मग ज्याला दिसतच नाही, त्याची हनुवटी दर झटक्याला इवलीशी वर का होते? आणि दादाची लकब म्हणाल तर त्याच्या सामन्यांचे व्हिडिओ साऱ्यांच्या मोबाइलवर होते.

"काय हो, आत्म्याला दिवा लागतो का?" तिनं विचारलं.

"गप्प बस ग," अप्पा म्हणाले. "तो खेळतोय."

"विचारू द्या." आत्मेवाला मऊ हसला. "ताई, तो स्वतःच उजेड. त्याला कसला आलाय दिवा?"

तो पुन्हा वाकला, काठी सरकू लागली, आणि तिनं बटण बंद केलं.

अंधारात काठीची सरसर तेवढी ऐकू येत राहिली. अप्पा सवयीनं ओठांतल्या ओठांत मोजत होते. तीन झाले. काठी थांबेना. चार. पाच. सरसर चालूच.

"थांब की रे बाळा," अप्पा म्हणाले. "तीनच. तीनच सांगितलेत ना तुला."

काठी निसटली. चेंडू कुठल्याशा कडेवर धप्पकन आपटला.

तिचा हात बटणाकडे गेला.

"नको लावूस," अप्पांचा आवाज आला. मग, "लाव."

आत्मेवाला पट्टी टेबलावर टाकून दाराकडे सरकत होता. पळतानाही नळीचं तोंड चालूच होतं, "आज ग्रह, आज वारा..." तिनं पट्टी उचलून अप्पांच्या डोळ्यांवर धरली.

"भुवया खाली ओढा. हं, बांधली. आता भुवया वर ताणा. काय दिसतं?"

"नाकाशेजारून माझ्या चपला." त्यांनी हनुवटी किंचित उचलली. "टेबल दिसतंय ग. सगळं टेबल."

लोक खाली मान घालून पांगले. अप्पांनी पट्टी सोडली.

"तुला कधी कळलं?"

"पहिल्याच दिवशी."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही पुन्हा दोन घास खायला लागला होतात, अप्पा."

अप्पांनी पोराची काठी उचलली, वाकले. एक, दोन, तीन. थांबले. आणि तसेच थांबून राहिले. फटका काही त्यांच्यानं मारवला नाही.

तेव्हा मंडळी, गेलेलं माणूस काठीत शिरत नाही. ते शिकवणाऱ्याच्या मोजण्यात उरतं, आणि तेवढंच उरतं. कुणी पट्टी बांधून तुमचं माणूस परत आणतो म्हणाला, तर पोटभर रडा. पण एक हात दिव्याच्या बटणावर ठेवून रडा.