पाठाखालचे प्रश्न

मित्रांनो, मी एक जुना अभ्यासग्रंथ आहे. माझ्या पाठीची शिवण नव्याने घातलेली आहे, कोपरे मऊ पडले आहेत आणि मुखपृष्ठावर नारळाच्या दुधाचा एक डाग आहे. तो कोणी पाडला हे मला ठाऊक आहे, पण त्या बाई अजून हयात आहेत, म्हणून नाव घेत नाही.

माझा जन्म सामोआ देशातल्या आपिया शहरातल्या एका लहान छापखान्यात झाला. धर्मशिक्षण देणाऱ्या काही शिक्षकांनी मला घडवले. माझ्या पूर्वार्धात जुन्या ग्रीक कथाकाव्यांतले उतारे आहेत, उत्तरार्धात पहिल्या ख्रिस्ती मंडळ्यांतल्या वडीलधाऱ्यांची प्रवचने. सगळे सामोअन भाषेत. वर मूळ मजकूर, त्याखाली टिपा आणि प्रत्येक पाठाच्या शेवटी प्रश्न, अशी माझी मांडणी. एका शब्दाचा अर्थ एका ओळीत सांगायचा की तीन, यावरून दोन शिक्षकांचे बोलणे काही काळ बंद होते. इतक्या जिव्हाळ्याने कोणी आपल्याला घडवले, याचा मला आजही अभिमान वाटतो.

बोटीतून मी सवाई बेटावर आलो आणि पाळक इओपू यांच्या हाती पडलो. दर रविवारी दुपारी, जेवणे झाली की त्यांच्या घरी चटयांवर वाचनाचा वर्ग भरे. पोटात डुकराचे मांस आणि उकडलेले तारोचे कंद गेलेले असल्यामुळे पहिली काही पाने पेंगण्यातच जात. पण समुद्रातल्या वादळाचा उतारा आला की सगळे खडबडून जागे होत. उताऱ्यातल्या सुकाणूवाल्याने होडी कुठे वळवायला हवी होती, यावर मासेमारी करणारे पुरुष अशी हुज्जत घालत, की जणू तो ग्रीक माणूस शेजारच्या गावचाच असावा. हजारो वर्षांपूर्वीचा तो बिचारा आमच्या गावात दर खेपेला नव्याने बुडत असे आणि मला ते फार आवडे. एरवी मी कपाटात पडून राहिलो असतो. इथे माझे पान न्‌ पान लोकांच्या तोंडी होते.

एकच गोष्ट मला सलत असे. पाठाखालचे प्रश्न कोणी वाचतच नसे. वर्गात गावचे प्रमुख तुइलोमा मधोमध बसत. आमच्या गावात थोरांच्या आधी कोणी बोलत नाही आणि थोरांना प्रश्न विचारणे तर शोभतच नाही. ‘तुम्हाला काय वाटते?’ असे छापील पुस्तकाने तुइलोमांना विचारावे, हे पाळकसाहेबांना उद्धटपणाचे वाटे. म्हणून टिपा संपल्या की ते पान उलटत आणि प्रार्थना सुरू करत. शिक्षकांनी सर्वांत जास्त कष्ट ज्यावर घेतले होते, ते तसेच न वाचता राहून जाई.

वर्गात खांबाला टेकून फिलेमू बसत असे. ती विधवा होती आणि सोसेने हा तिचा एकुलता एक मुलगा. एका संध्याकाळी, गाव प्रार्थनेला बसलेले असताना, तो दारू पिऊन गाडी घेऊन सुसाट निघाला आणि तुइलोमांच्या पुतण्याला, मिकाएलेला, त्याने उडवले. मिकाएलेचा पाय कायमचा अधू झाला. आमच्याकडे अशा वेळी अपराध्याने आपल्या नातलगांसह पहाटे त्या घरासमोर जाऊन बसायचे असते, डोक्यावरून बारीक विणीची मौल्यवान चटई पांघरून, मान खाली घालून. घरच्यांनी ती चटई उचलली की क्षमा झाली. सोसेने बसला नाही. घाबरून तो आपियाला मामाकडे पळाला. गावसभेने त्याला हद्दपार केले आणि तुइलोमांनीच तो निर्णय सुनावला.

तेव्हापासून फिलेमू दर बोटीबरोबर त्याला भाजलेला नीरफणस पाठवी आणि त्याच्या येण्याविषयी कोणाकडे अवाक्षर काढत नसे. सभेत तिच्या बाजूने बोलणारा घरात पुरुष उरला नव्हता. मुलगा आपल्या डोळ्यांदेखत या गावात परत येणार नाही, असे तिने मनाशी धरले होते.

एका रविवारी उत्तरार्धातले एक प्रवचन वाचायला निघाले. छळाच्या काळात भिऊन पळालेले लोक परत येऊ पाहतात आणि टिकून राहिलेले त्यांना आत घेत नाहीत, असा तो प्रसंग होता. पाळीपाळीने वाचत मी फिलेमूच्या हाती आलो. तिने उतारा संपवला, टिपा संपवल्या. पाळकसाहेबांनी मला घेण्यासाठी हात पुढे केला, पण तिने मला सोडले नाही.

ती खालचे वाचू लागली. “जो भीतीने पळाला, त्याच्यासाठी पहिले पाऊल कोणी टाकावे? या प्रश्नाचे उत्तर ज्याला सर्वांत जड जाईल, त्याने आधी द्यावे.”

पाळकसाहेब खोकले. म्हणाले, “फिलेमू, ते प्रश्न आपण घेत नाही.”

“छापलंय म्हणून वाचलं, पाळकसाहेब,” ती म्हणाली. “उत्तर मी देत नाही. मला ते जड नाहीये.”

मला वाटले, आता तुइलोमा उठून जातील आणि मी पुन्हा कधी उघडला जाणार नाही. ते चटईची काडी खुडत होते.

“मी वाट पाहिली होती गं त्याची,” ते शेवटी म्हणाले. “रोज पहाटे घराचे झावळ्यांचे पडदे वर गुंडाळून बसायचो. अंगणात कोणी दिसायचं नाही. त्याचा मला राग आला. मग मी त्याला गावातच येऊ नको म्हटलं. येणार कुठून तो? वाट मीच बंद केली, आणि वर मीच म्हणत बसलो, आला कसा नाही.”

फिलेमूने मला मिटून मांडीवर ठेवले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतले. त्या दिवशी प्रार्थना कोणी म्हटली, मला आठवत नाही.

पुढच्या सभेत हद्दपारी उठली. सोसेने मामांबरोबर आला आणि उजाडायच्या आत तुइलोमांच्या घरासमोर चटईखाली बसला. पाळकसाहेबांच्या काखेत मीही तिथे होतो. ऊन चढू लागले. तुइलोमा दारापर्यंत आले आणि थांबले. चटई उचलायची ती मिकाएलेने, असे त्यांनी ठरवले होते. मिकाएले काठी टेकत अंगण ओलांडून आला. त्याला वाकता येईना, म्हणून त्याने काठी टाकून दिली आणि दोन्ही हातांनी चटई वर केली.

“ऊठ,” तो म्हणाला. “तुझ्याच खांद्याला धरून आत जावं लागेल आता मला. चल, कोको गार होतोय.”

मित्रांनो, माझ्यासारख्या ग्रंथांना उन्हापासून, वाळवीपासून जपा, शिवण सुटली तर घालून घ्या, एवढे तर मागतोच. पण जपायचे म्हणून मला कुलपात ठेवू नका. मला घेऊन चारचौघांत बसा, आणि एखादा प्रश्न वाचायला अवघड वाटला, तर पान उलटू नका. तो कोणीतरी मोठ्याने वाचावा म्हणून तुमच्या शेजारी एखादी आई वाट पाहत बसलेली असेल.